हिऱ्यांच्या ऐरणीवर हलके धातू

प्रस्तावना

लिथियमच्या अणूत इलेक्ट्रॉन तीनच. दोन अणुगर्भाशी घट्ट बांधलेले आणि तिसरा जवळजवळ मोकळा. धातूंमध्ये याहून साधी रचना नाही, म्हणून धातूंविषयीच्या कोणत्याही नव्या सिद्धांताची पहिली परीक्षा बहुधा लिथियमवरच होते. याच साध्या धातूने भौतिकशास्त्रज्ञांना कित्येक दशके चकवले. तो थंड केला की अतिसंवाहक व्हायला हवा, असे गणित सांगत होते. प्रयोगात मात्र तो काही केल्या होत नव्हता. २००२ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या गटांनी तो हिऱ्यांमध्ये दाबून पाहिला, आणि सुमारे ४८ गिगापास्कल दाबाखाली त्याची अतिसंवाहकता २० केल्व्हिनपर्यंत टिकते असे आढळले. पुढे २००७ मध्ये हेलसिंकीच्या प्रयोगशाळेने सामान्य दाबालाही लिथियम अतिसंवाहक होतो हे दाखवले, पण केवळ ०.०००४ केल्व्हिनला. धातू तोच, अणू तेच, आणि दोन आकड्यांत पन्नास हजार पटींचा फरक. हा फरक फक्त दाबाने घडवला. तो कसा घडवला, हे मराठीत नीट सांगता यावे म्हणून हे पुस्तक लिहिले आहे.

नवख्या वाचकासाठी आधी थोडी पायाभरणी करतो. १९०८ मध्ये लायडनला कामरलिंग ओन्स यांनी हीलियम द्रवरूपात आणला. त्या थंडीत पाऱ्याचा विद्युतरोध मोजताना १९११ मध्ये तो ४.२ केल्व्हिनच्या आसपास एकाएकी नाहीसा झालेला दिसला. १९३३ मध्ये माइस्नर आणि ऑक्सेनफेल्ड यांनी दाखवले की अतिसंवाहक आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर घालवतो. अतिसंवाहकतेची खरी ओळख या दुसऱ्या गुणधर्मात आहे. रोध शून्य दिसणे हा अर्धाच पुरावा, आणि हे भान सुटले की काय होते ते पुढे येईलच.

स्पष्टीकरणाला आणखी चोवीस वर्षे लागली. १९५० मध्ये असे आढळले की एकाच मूलद्रव्याचा जड समस्थानिक घेतला तर संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पदार्थ अतिसंवाहक होतो ते तापमान, किंचित खाली येते. इलेक्ट्रॉनांच्या या खेळात अणूंच्या वजनाचा हात आहे, म्हणजेच जालकाच्या कंपनांचा हात आहे, हे त्यातून कळले. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रिफर यांनी सिद्धांत मांडला. एक इलेक्ट्रॉन जालकातून जाताना भोवतालचे धन आयन किंचित आत ओढले जातात, तो ताण विरायच्या आत दुसरा इलेक्ट्रॉन त्याकडे खेचला जातो, आणि दोघांची जोडी जमते. या सिद्धांतात हलक्या अणूंना जन्मजात फायदा आहे. अणू जितका हलका तितकी त्याची कंपने वेगवान, आणि संक्रमण तापमान या वारंवारतेच्या पटीत वाढते. मग सर्वांत हलके धातू सर्वांत चांगले अतिसंवाहक असायला नकोत का? निसर्ग तसे दाखवत नाही. बेरिलियमचे संक्रमण तापमान ०.०२६ केल्व्हिन, अॅल्युमिनियमचे १.२, मॅग्नेशियममध्ये अतिसंवाहकता सापडलेलीच नाही, आणि जड शिसे मात्र ७.२ केल्व्हिनला अतिसंवाहक होते. वेगवान कंपने पुरेशी नसतात. इलेक्ट्रॉनांची त्या कंपनांशी गाठही घट्ट पडावी लागते, आणि हलक्या धातूंत ती सैल असते. दाब येतो तो इथे, ती गाठ बदलण्यासाठी.

दाबाचे आकडे अंगवळणी पडायला वेळ लागतो, म्हणून आपल्या नगर जिल्ह्यातूनच सुरुवात करू. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक षष्ठांशाने कमी असतो. तिथून खाली उतरून भंडारदऱ्याला यावे. प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि त्याची उंची ८२ मीटर आहे. ते काठोकाठ भरले की तळाशी पाण्याचा दाब सुमारे आठ वातावरणे भरतो. पृथ्वीवरच्या सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी तो अकराशेच्या आसपास जातो. एक गिगापास्कल म्हणजे सुमारे दहा हजार वातावरणे. लिथियमला ज्या ४८ गिगापास्कलने २० केल्व्हिनपर्यंत नेले तो दाब भूगर्भात हजारभर किलोमीटर खोल सापडेल, आणि पृथ्वीच्या अगदी केंद्राशी दाब ३६० गिगापास्कलच्या आसपास आहे. हे सगळे आज मुठीत मावणाऱ्या एका उपकरणात करता येते.

या उपकरणाची कथा हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांच्यापासून सुरू होते. त्यांनी पोलाद आणि टंग्स्टन कार्बाइडच्या ठोकळ्यांनी एक लाख वातावरणांपर्यंत मजल मारली आणि १९४६ चे नोबेल मिळवले. खरी उडी १९५८-५९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत पडली. तिथल्या संशोधकांनी दोन हिऱ्यांची टोके घासून सपाट केली, समोरासमोर ठेवली आणि मध्ये नमुना धरला. हिऱ्यांची ऐरण ती हीच. तत्त्व अगदी सोपे आहे, अंगठ्याने दाबलेली सुई कापडातून आरपार जाते तेच. टोकाचा व्यास ५० मायक्रॉन असेल, तर नुसत्या गणिताने २० किलो वजनाइतके बल शंभर गिगापास्कल दाब निर्माण करते. शिवाय हिरा पारदर्शक. प्रकाश, क्ष-किरण, लेसर सगळे आत जाते. १९७० च्या दशकात माणकाच्या बारीक कणाची लाल दीप्ती वापरून आतला दाब मोजता येऊ लागला आणि हे तंत्र जगभर पसरले. ते पसरवण्यात ए. जयरामन यांचा मोठा वाटा आहे. रामन यांच्या बंगळूरच्या संस्थेतून अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत गेलेल्या जयरामन यांनी १९८३ मध्ये या तंत्राचा जो विस्तृत आढावा लिहिला, त्यावर एक पिढी वाढली.

दाब हे प्रश्न विचारण्याचे सर्वांत स्वच्छ साधन आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि हे पुस्तक त्याच मतावर उभे आहे. मिश्रधातू बनवला की परके अणू येतात, दोष येतात, इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते, आणि कशाने काय झाले हे सांगणे अवघड होते. दाबाने नमुन्यात काहीही मिसळत नाही. अणूंमधले अंतर तेवढे कमी होते. एकाच धातूकडून शंभर वेगवेगळ्या अंतरांवर शंभर उत्तरे मिळतात, आणि सिद्धांताला त्या सगळ्या उत्तरांना एकदम सामोरे जावे लागते.

पहिली उत्तरे निराशाजनक होती. १९२५ मध्ये सिझू आणि ओन्स यांनी लायडनला कथील आणि इंडियम दाबून पाहिले, तर संक्रमण तापमान खाली आले. पुढे अॅल्युमिनियमही असेच वागले. साधारण सहा गिगापास्कलला त्याचे १.२ केल्व्हिन ०.१ च्याही खाली घसरते. कारण समजायला कठीण नाही. दाबल्यावर जालक ताठर होते, आयन इलेक्ट्रॉनकडे पूर्वीइतके झुकत नाहीत आणि जोडी सैल पडते. कंपने वेगवान झाल्याचा फायदा हे नुकसान भरून काढू शकत नाही. ‘साध्या धातूंत दाब अतिसंवाहकतेला मारक’ असा नियमच त्यातून तयार झाला.

त्याला तडे जर्मनीतून गेले. १९६० च्या दशकात बुकेल आणि विटिग यांनी सिलिकॉन आणि जर्मेनियम हे अर्धवाहक दाबाखाली धातू होतात आणि अतिसंवाहकही होतात, हे दाखवले. १९७० मध्ये विटिग यांनी सीझियम अतिसंवाहक केला. अल्कली धातूंतला हा पहिलाच. त्यामागचे कारण अॅल्युमिनियमच्या उलट आहे. दाबाखाली सीझियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन आपली गोल कक्षा सोडून पाकळ्यांसारख्या दिशाबद्ध कक्षेत जातो. धातूचे नाव तेच राहते, त्याचे रसायन बदलते. मग लिथियमचे काय, हा प्रश्न इथेच उभा राहिला. १९८६ मध्ये लिन आणि डन यांना लिथियममध्ये २० गिगापास्कलच्या पुढे ७ केल्व्हिनजवळ रोधात एक संशयास्पद घसरण दिसली होती, पण पुरावा अपुरा होता.

पुस्तकाच्या मध्यभागी लिथियम आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. १९९९ मध्ये कॉर्नेलच्या नीटन आणि अॅशक्रॉफ्ट यांनी गणिताने एक धाडसी विधान केले. दाबला की लिथियम अधिक साधा होईल ही सर्वांची समजूत, ती चूक आहे. आतल्या कक्षांतले इलेक्ट्रॉन एकमेकांना भिडू लागले की मोकळ्या इलेक्ट्रॉनला आयनांजवळ जागा उरत नाही. तो आयनांमधल्या पोकळीत गोळा होतो, जालकाची सममिती मोडते, आणि धातू धातूपणापासून दूर जातो. पुढच्याच वर्षी हानफ्लांड, सियासेन आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी दाखवले की ३९ गिगापास्कलच्या सुमारास लिथियम खरोखरच एका गुंतागुंतीच्या, एकक पेशीत सोळा अणू असलेल्या रचनेत जातो. २००२ मध्ये ओसाकाच्या कात्सुया शिमिझू यांच्या गटाने २० केल्व्हिनचा आकडा दिला, आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतल्या स्त्रुझकिन आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय मोजमापांसह १६ केल्व्हिनपर्यंतची अतिसंवाहकता नोंदवली. २००३ मध्ये शांती दीम्यद आणि जेम्स शिलिंग यांनी हीलियमच्या मऊ वेढ्यात, सर्व बाजूंनी सारखा दाब देऊन मोजले. त्यांना २० गिगापास्कलच्या खाली ४ केल्व्हिनपर्यंत काहीच सापडले नाही, आणि ३० ला १४ केल्व्हिन मिळाले. तीन प्रयोगशाळांचे तीन आलेख एकमेकांवर नेमके बसत नाहीत. दाब सगळीकडून सारखा आहे की एका बाजूने जास्त, याने किती फरक पडतो हे त्यातून दिसते, आणि प्रयोग शिकणाऱ्याने ही विसंगती लक्ष देऊन अभ्यासावी.

लिथियम मोजणे कष्टाचे आहे. तो क्ष-किरण फार क्षीणपणे विखुरतो, कारण इलेक्ट्रॉनच तीन. तो हिऱ्यात शिरून त्याला तडा देतो, म्हणून सगळा प्रयोग थंडीतच करावा लागतो. त्यात आणखी आश्चर्ये सापडत गेली. २००९ मध्ये मात्सुओका आणि शिमिझू यांनी ८० गिगापास्कलजवळ लिथियम चक्क अर्धवाहक होतो हे दाखवले. २०११ मध्ये कळले की ४० ते ५० गिगापास्कलच्या दरम्यान तो १९० केल्व्हिनच्या आसपासच वितळतो. इतक्या दाबाखाली तो घनरूपच राहील असे कोणालाही वाटले असते, पण तो हिवाळ्यातल्या ध्रुवप्रदेशापेक्षा थंड असताना द्रवरूप असतो. इतक्या हलक्या अणूत केंद्रकांची पुंजकंपनेही निर्णायक ठरतात. २०१५ मध्ये दीम्यद यांच्या गटाने लिथियम-६ आणि लिथियम-७ यांची तुलना केली, तेव्हा दाबाच्या काही भागात समस्थानिकाचा परिणाम नेहमीच्या उलट निघाला. ज्या परिणामावर अतिसंवाहकतेचा सिद्धांत उभा राहिला, तोच इथे वळण घेतो. आणि एक हिशेब अजून बाकी आहे. २००१ च्या गणिताने ५० केल्व्हिनच्याही वरचे आकडे सुचवले होते. निसर्गाने २० दिले. ही तूट कुठून येते, यावर अजून एकमत झालेले नाही.

सोडियमची गोष्ट मी पुस्तकात थोडक्यात आवरली आहे, कारण त्याच्यात अतिसंवाहकता सापडलेली नाही. तरी २००९ मध्ये तो २०० गिगापास्कलजवळ पारदर्शक होतो हे दिसले, आणि अॅशक्रॉफ्ट यांचे म्हणणे त्याने इतक्या स्पष्टपणे खरे केले की त्याला वगळता येत नाही. कॅल्शियम उलट दिशेने गेला. २१६ गिगापास्कलला २९ केल्व्हिन, हा २०११ मध्ये मूलद्रव्यांचा उच्चांक होता. २०२३ मध्ये स्कँडियमने ३० केल्व्हिनची रेषा ओलांडली.

मराठी वाचकाला टायटॅनियम मात्र अधिक जवळचा वाटावा, कारण त्याच्या इतिहासाचे एक पान मुंबईत लिहिले गेले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात राजगोपाल चिदंबरम यांनी उच्च दाबाच्या भौतिकीची शाखा रुजवली. स्फोटात पदार्थ कसे दबतात हे समजणे अणुकार्यक्रमाची गरज होती, पण तिथे वाढलेले ज्ञान त्या गरजेपलीकडे गेले. दाबाखाली टायटॅनियम आणि झिर्कोनियम यांच्यात तयार होणाऱ्या ओमेगा रचनेवर एस. के. सिक्का, योगेश व्होरा आणि चिदंबरम यांनी १९८२ मध्ये लिहिलेला आढावा आजही त्या विषयाचे प्रवेशद्वार आहे. इलेक्ट्रॉन कोणत्या कक्षेतून कोणत्या कक्षेत सरकतात आणि त्यामुळे रचना का बदलते, हा विचार तुर्भ्यात तेव्हाच चालू होता. व्होरा पुढे अमेरिकेत अलाबामाला गेले आणि २००१ मध्ये त्यांनी स्पेन्सर यांच्यासह ११६ गिगापास्कलला टायटॅनियमची गॅमा ही आणखी एक रचना शोधली. सामान्य दाबाला टायटॅनियमचे संक्रमण तापमान अर्ध्या केल्व्हिनहून कमी. २०२२ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी २४८ गिगापास्कलला ते २६ केल्व्हिनपर्यंत नेले. विमानांत वापरल्या जाणाऱ्या या नेहमीच्या धातूच्या पोटात हे दडलेले होते.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम दुसऱ्या टोकाचे आहे, तरीही या पुस्तकात त्याला जागा द्यावीशी वाटली. १९९४ मध्ये तिथल्या आर. नागराजन, चंदन मझुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी निकेल, बोरॉन आणि कार्बन असलेल्या संयुगात १२ केल्व्हिनच्या आसपासची अतिसंवाहकता शोधली आणि बोरोकार्बाइडांचे दालन उघडले. बोरॉन आणि कार्बन हे हलके अणू जोडीच्या कामी येतात, याची ती सूचना होती. २००१ मध्ये मॅग्नेशियम डायबोराइडने ३९ केल्व्हिन गाठून ती पक्की केली. मग आला बिस्मथ. तो दाबाखाली अतिसंवाहक होतो हे १९५३ पासून माहीत होते. सामान्य दाबाला मात्र त्यात मोकळे इलेक्ट्रॉन इतके विरळ, साधारण लाख अणूंमागे एक, की प्रचलित सिद्धांताला तिथे काही अपेक्षितच नव्हते. याच संस्थेतल्या एस. रामकृष्णन, ओम प्रकाश, अनिल कुमार आणि ए. तमिळवेल यांनी तो ०.०००५३ केल्व्हिनला अतिसंवाहक होतो हे दाखवले, आणि हा निष्कर्ष जानेवारी २०१७ मध्ये छापून आला. बिस्मथ जड आहे, हे खरे. पण लिथियम आणि बिस्मथ शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख होते. ‘अतिसंवाहक नाही’ असे म्हणताना ‘या दाबाला, या तापमानापर्यंत’ एवढे जोडल्याशिवाय ते वाक्य पुरे होत नाही.

सर्वांत हलका अणू हायड्रोजनचा. १९३५ मध्ये विग्नर आणि हंटिंग्टन यांनी तो दाबाखाली धातू होईल असे सांगितले, १९६८ मध्ये अॅशक्रॉफ्ट यांनी तो धातू उच्च तापमानाचा अतिसंवाहक असेल असे सुचवले. शुद्ध हायड्रोजनला लागणारा दाब प्रचंड असल्याने २००४ मध्ये त्यांनीच दुसरी वाट दाखवली. हायड्रोजन भरपूर असलेली संयुगे घ्या, त्यांत रसायनाने तो आधीच दाबलेला असतो. २०१५ मध्ये माइंत्सच्या मिखाइल एरेमेत्स यांच्या गटाने गंधक आणि हायड्रोजनच्या संयुगात २०३ केल्व्हिन गाठले. २०१९ मध्ये लँथॅनम हायड्राइडने २५० केल्व्हिन ओलांडले. त्या दुसऱ्या शोधातल्या एका शोधनिबंधाचे प्रथम लेखक मद्दुरी सोमयाझुलू यांनी आपले सुरुवातीचे काम तुर्भ्यातच केले होते.

या यशामागोमाग एक दुखरा अध्याय आला. रोचेस्टरच्या रंगा डायस यांच्या गटाने खोलीच्या तापमानाच्या अतिसंवाहकतेचे दावे केले. २०२० चा शोधनिबंध २०२२ मध्ये आणि २०२३ चा त्याच वर्षी नियतकालिकाने मागे घेतला. विदा कशी हाताळली, पार्श्वभूमी कशी वजा केली, यावर गंभीर आक्षेप होते. केसाहून बारीक नमुन्यातून येणारा चुंबकीय संकेत इतका क्षीण असतो की मोजणाऱ्याची सचोटी हाच प्रयोगाचा मोठा भाग होतो. म्हणून मोजमापाच्या पद्धतींना मी पुस्तकात सिद्धांताइतकीच जागा दिली आहे.

या क्षेत्रात तीन प्रवृत्ती सतत एकमेकींशी भांडत आल्या. बेर्न्ट मथायस यांच्यासारखे प्रयोगकर्ते अनुभवातून, आवर्तसारणी चाळत पुढे गेले आणि सिद्धांतावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. अॅशक्रॉफ्ट यांची परंपरा मूलतत्त्वांतून विचार करणारी. तिसरी प्रवृत्ती २००६ नंतरची. पिकार्ड आणि नीड्स, ओगानोव्ह आणि पुढे चीनमधले यानमिंग मा यांनी अशा संगणकीय पद्धती घडवल्या की दाब सांगितला की स्थिर रचना शोधून मिळते. गंधकाचे हायड्राइड प्रयोगाआधी असेच गणिताने सुचवले गेले होते. आज तिसरी शाळा वरचढ आहे. मला वाटते, तिची खरी कसोटी नव्या संयुगांवर लागत नाही, लिथियमवर लागते. तीन इलेक्ट्रॉनांच्या धातूचा आलेख ज्या पद्धतीला बरोबर काढता येत नाही, तिच्या शेकडो भाकितांकडे सावधपणे पाहावे. मथळे हायड्राइडांना मिळतात. पण सिद्धांताला खरा जाब हलके धातूच विचारतात, आणि हायड्राइडांवर एकच प्रकरण देऊन उरलेले सगळे पुस्तक धातूंना वाहण्यामागे हेच कारण आहे.

याची आज गरज काय, असे कोणी विचारेल. नगरच्या रुग्णालयातले एमआरआय यंत्र निओबियम-टायटॅनियमच्या तारेवर चालते, आणि ती तार द्रव हीलियममध्ये बुडवून ठेवावी लागते. हीलियम महाग आणि दुर्मिळ आहे. दाबाखाली मिळालेली उच्च तापमानाची अवस्था दाब काढल्यावर टिकवता आली, तर हे चित्र बदलेल. असे घडलेलेही आहे. १९८६ मध्ये पॉल चू यांनी लँथॅनमचे तांब्यासह असलेले ऑक्साइड दाबले, संक्रमण तापमान वाढलेले पाहिले, आणि तोच दाब आतून देण्यासाठी लँथॅनमऐवजी लहान आकाराचा इट्रियम घातला. त्यातून १९८७ मध्ये ९३ केल्व्हिनचा अतिसंवाहक मिळाला, द्रव नायट्रोजनमध्ये चालणारा. दाबाने वाट दाखवली आणि रसायनाने ती पक्की केली. धातूंच्या बाबतीत असे अजून जमलेले नाही.

हे पुस्तक संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, लोणी, अकोले किंवा नगरच्या महाविद्यालयात विज्ञानाची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिले आहे. घनस्थिती भौतिकीत अतिसंवाहकतेचे एक प्रकरण तो शिकतो आणि तिथून संशोधनापर्यंतचा रस्ता त्याला दिसत नाही. हा विषय त्याच्या आवाक्यातला आहे. नमुना मायक्रॉनमध्ये, ऐरण मुठीएवढी, आणि क्ष-किरणांसाठी इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर उच्च दाबासाठी सोय आहे. संगणकीय वाटेला तर मोफत मिळणाऱ्या आज्ञावली आणि बऱ्यापैकी संगणक पुरतो. कलन आणि प्राथमिक पुंजयांत्रिकी येत असेल तर पुस्तकातले सगळे गणित वाचता येईल. संक्रमण तापमानाचे मॅक्मिलन यांचे १९६८ चे सूत्र पायरीपायरीने मांडले आहे, कारण दाबाच्या प्रत्येक चर्चेत ते लागते. एलियाशबर्ग यांचा पूर्ण सिद्धांत परिशिष्टात आहे, आणि तो पहिल्या वाचनात वगळला तरी चालेल. ताम्र-ऑक्साइडांना मी हात लावलेला नाही, त्यांची जोडी कशाने जमते हा वेगळा आणि अजून न सुटलेला विषय आहे. प्रत्येक आलेखाखाली दाब कोणत्या माध्यमात दिला, रोध मोजला की चुंबकन, आणि तापमान कुठपर्यंत खाली नेले, हे आवर्जून लिहिले आहे. सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांच्या रकान्यांत संक्रमण तापमानाची जागा रिकामी आहे. ती भरण्याचे काम अजून कोणाकडून व्हायचे आहे.